रांजणातले धान्य : हित्ती सण आणि अन्नाचा वारसा

१

विस्मृतीत गेलेली एखादी भाषा पुन्हा वाचता येऊ लागते, तेव्हा तिच्यातून पहिला शब्द कोणता ऐकू यावा हे कोणाच्या हाती नसते. इजिप्तच्या चित्रलिपीतून प्रथम राजांची नावे उलगडली. हित्ती भाषेतून प्रथम उलगडली ती भाकरी.

१९०६ साली ह्यूगो विंक्लर आणि थिओडोर माक्रिदी यांनी अनातोलियाच्या पठारावर, बोआझकोय या खेड्यालगत उत्खननास आरंभ केला. (तुर्कस्तानच्या चोरुम प्रांतातले हे खेडे आज बोआझकाले या नावाने ओळखले जाते.) इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते ११८० या काळात नांदलेल्या हित्ती राज्याची राजधानी हत्तुशा ती हीच, हे तेथे निघालेल्या मातीच्या पाट्यांवरून लवकरच निश्चित झाले. पाट्यांची लिपी बाबिलोनी वळणाची कीलाकार होती. त्यामुळे अक्षरे वाचता येत, अर्थ मात्र लागत नसे. १९१५ साली चेक अभ्यासक बेड्रिच ह्रोझ्नी याने ही कोंडी फोडली. त्याच्या उलगड्यातील सुप्रसिद्ध वाक्यात एकच चिन्ह त्याच्या पक्के ओळखीचे होते : सुमेरी लेखनपरंपरेतून आलेले, भाकरी या अर्थाचे 'निंदा'. जेथे भाकरी आहे तेथे खाण्याची क्रिया असणार, असा त्याचा तर्क. शेजारीच 'एझ्झा' अशा वळणाचे क्रियारूप होते. त्यात त्याला लॅटिन 'एदो' आणि संस्कृत 'अद्' यांचे आप्त दिसले. पुढे 'वातर' असा शब्द होता, आणि त्याचा अर्थ इंग्रजीभाषकालाही विचारावा लागला नसता. ज्ञात इंडो-युरोपीय भाषांपैकी सर्वांत आधी लेखबद्ध झालेली भाषा अशी भाकरी आणि पाणी यांच्या आधाराने बोलती झाली. आपल्या 'अन्न' या शब्दाच्या पोटात तोच 'अद्' धातू आहे आणि 'उदक' हा शब्द त्या 'वातर'चा दूरचा भाऊबंद आहे, हे मराठी वाचकाने जाता जाता लक्षात ठेवावे. नाते आहे; पण ते शब्दांचे आहे. शब्दांचे नाते आणि ताटाचे नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखाचा विषय हा दुसरा, अधिक फसवा प्रश्न आहे : हित्तींच्या सणांतले अन्न आजच्या अनातोलियाच्या चुलीवर उरले आहे काय, आणि उरले असेल तर ते कोणाचे?

२

बोआझकोयच्या पाट्या आणि त्यांचे तुकडे मिळून संख्या सुमारे ३०,००० भरते. २००१ साली युनेस्कोने हा संग्रह 'जगाची स्मृती' या नोंदवहीत समाविष्ट केला. राजांचे वृत्तांत, तह, कायदे, प्रार्थना, पुराणकथा असे सारे काही त्यात आहे. परंतु त्यातील सर्वांत मोठा गट सणांच्या विधिवर्णनांचा आहे. वाङ्मय म्हणून वाचू गेल्यास हे लेखन कमालीचे रुक्ष वाटते. राजा-राणी आसनस्थ होतात. हात धुण्यास पाणी येते. रोट मोडला जातो. गायक गातो. एक जण ठरलेल्या जागी 'अहा' असा उद्गार काढतो, दुसरा हाळी देतो. मग पुढची देवता. पुन्हा पेय, पुन्हा रोट, पुन्हा गायन. देवता बदलत जाते, क्रम बदलत नाही. राजा देवतेसाठी पितो असे या पाट्या म्हणत नाहीत. राजा देवतेला 'पितो', अशीच त्यांची वाक्यरचना आहे. याचा अर्थ देवतेच्या नावाने पिणे, की पेयासोबत देवतेलाच आत घेणे, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद झाला आहे.

वर्षाचे दोन मोठे राजकीय उत्सव होते. वसंतात 'अंतहशुम' हा ३८ दिवसांचा सण असे. त्याचे नाव एका वनस्पतीवरून आलेले आहे. बर्फ वितळताच जमिनीतून वर येणारी, केशराच्या कुळातली ती असावी, असे अनेकांचे मत आहे. या सणात राजा एका जागी बसून राहत नसे. ताहुर्पा, अरिन्ना, हत्तुशा असे नगरामागून नगर आणि मंदिरामागून मंदिर तो फिरे. शरदात, मोहिमेवरून परतल्यावर, 'नुंतरियाशहा' म्हणजे घाईचा सण असे. 'किलाम' नावाच्या तीन दिवसांच्या सणात सोन्यारुप्याच्या पशुप्रतिमांची मिरवणूक निघे, आणि नगरोनगरीचे कोठारप्रमुख आपापल्या गावचे जिन्नस मांडून राजापुढे उभे राहत. ललकारी देणारा एकेका नगराचे नाव पुकारी. हा सण म्हणजे खाद्यपदार्थांत मांडलेला राज्याचा नकाशाच होता.

या पाट्यांतील भाकरीचा शब्दसंग्रह थक्क करणारा आहे. अमेरिकन अभ्यासक हॅरी हॉफनर यांनी १९७४ साली हित्ती अन्नावरील आपल्या ग्रंथात या नावांची छाननी केली. शंभराहून अधिक प्रकार त्यातून समोर येतात : जाड रोट, आंबट भाकरी, गोड भाकरी, गरम भाकरी, जवाची भाकरी, चीज घातलेली, मध घातलेली, अंजिराची. शिवाय हात, जीभ, कान, सूर्य, चंद्रकोर, गुरे अशा आकारांच्या भाकऱ्या. देवापुढे बळी दिलेल्या पशूचे काळीज आणि हृदय विस्तवावर भाजले जाई. बिअर व द्राक्षमद्य यांखेरीज 'मर्नुवन', 'वल्ही', 'तावल' अशी पेये असत. चान्करी प्रांतातील इनान्दिक येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकातल्या मातीच्या उंच भांड्यावर असा एक उत्सव उठावशिल्पात कोरलेला आहे : स्वयंपाकाची तयारी, वाद्ये घेतलेली माणसे, बैलाचा बळी. अंकाऱ्याच्या अनातोलियन संस्कृती संग्रहालयात ते पाहावयास मिळते.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचनाची ती किल्ली आहे. हे सण 'शुद्ध' हित्ती नव्हतेच. हित्ती भाषक येण्यापूर्वी या पठारावर हात्ती नावाचे (आपल्या हत्तीशी यांचा काही संबंध नाही) वेगळ्या भाषेचे लोक राहत. देवता, पुजाऱ्यांच्या पदव्या, कित्येक सणांची नावे हित्तींनी त्यांच्याकडून उचलली. वसंतातल्या 'पुरुल्ली' या सणाचे नाव हात्ती भाषेतलेच. एकाच उत्सवात एक गायक हात्ती भाषेत, दुसरा लुवी भाषेत, तिसरा हुर्री भाषेत गाई. २०२३ साली बोआझकोयच्या उत्खननात एक विधिपाटी सापडली. तिच्यात कालाश्मा प्रदेशाची, तोवर अज्ञात असलेली एक इंडो-युरोपीय भाषा निघाली. परक्यांचा देव आणि परक्यांचे गाणे त्यांच्याच बोलीत जपायचे, हा हित्तींचा धर्म होता. ज्यांच्या वारशाचा आज दावा केला जातो, ते स्वतःच वारसदार होते, आणि त्यांनी ते लपवले नव्हते.

३

या रुक्ष याद्यांच्या मागे एक भय आहे. देवळातील सेवकांना दिलेल्या आज्ञांची एक विस्तृत पाटी उपलब्ध आहे. भाकरी करणाऱ्यांनी स्नान केलेले असावे, केस व नखे कापलेली असावीत, वस्त्रे स्वच्छ असावीत, कुत्रा अथवा डुक्कर पाकशाळेच्या उंबऱ्याशी येऊ नये, असे तीत बजावले आहे. देवाचा वाटा चोरून घरी नेणाऱ्यांना तंबी आहे. पण त्याहून बोलकी आहे ती वेळेविषयीची आज्ञा. सण जवळ आला की लोक येऊन सबबी सांगतील : सुगी तोंडावर आहे, घरात लग्न आहे, प्रवासाला निघायचे आहे, तेवढे उरकून मग सण करू. त्यांचे ऐकू नका, असे ती पाटी सांगते. वसंताचा सण शरदात आणि शरदाचा वसंतात करू नका. तेहतीस शतकांपूर्वीच्या शेतकऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो तो असा, त्याला नकार देणाऱ्या कारकुनाच्या लेखणीतून. सण हा आनंदाचा विषय होता हे खरे. पण तो एक बोजाही होता, आणि बोजा ज्याच्या डोक्यावर असे तो तो पुढे ढकलू पाही.

सण चुकला तर काय होते, हे तेलिपिनूच्या कथेत सांगितले आहे. हा शेतीभातीचा देव रागावून निघून जातो. खिडक्या धुक्याने आणि घर धुराने भरते. जव-गहू रुजत नाहीत, गुरे-मेंढरे विणे थांबते. सूर्यदेव सर्व देवांना मेजवानीस बोलावतो. ते जेवतात पण पोट भरत नाही, पितात पण तहान भागत नाही. शेवटी एक मधमाशी त्याला शोधून काढते. अन्न समोर असूनही तृप्ती न होणे ही या कथेतली आपत्तीची कल्पना आहे, आणि ती दुष्काळाहून सूक्ष्म आहे : अन्नाला अन्नपण येते ते देणाऱ्याच्या उपस्थितीने.

राजा दुसरा मुर्शिली (इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाची अखेर) याच्या काळात देशात वर्षानुवर्षे साथ पसरली होती. त्याने देवांपुढे केलेल्या प्रार्थनांत पश्चात्ताप आहे, आणि एक विलक्षण युक्तिवादही आहे : तुम्हाला रोट भाजून देणारे आणि पेय अर्पण करणारे मरत आहेत, ते सारे संपले, तर तुम्हाला कोण वाढील? देव आणि माणूस यांच्यातले नाते येथे एका ताटावर आले आहे. दोघेही एकमेकांच्या अन्नावर जगतात.

४

राजाचे सण राजाबरोबर चालत. गावाचे सण गावातच राहत. चौथा तुधलिया या राजाने इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या देवस्थानांची मोजदाद करविली. तिच्या पाट्यांत मूर्ती कोणत्या धातूची, पुजारी कोण, सण किती, त्यांना मेंढी कोणी द्यायची, पीठ किती मुठी आणि बिअर किती घागरी, असे सारे लिहिले आहे. पुष्कळ गावांत सण दोनच : एक शरदात, एक वसंतात. आणि या दोन सणांच्या मधोमध एक रांजण आहे.

शरदात, नवे धान्य घरात आले की देवाच्या रांजणात ते ओतायचे आणि रांजण बंद करायचा. पठारावरचा हिवाळा लांब आणि कठोर. मग वसंत येतो, आणि पाट्यांच्या भाषेत, मेघ गडगडतो. तो गडगडाट म्हणजे वादळदेवाची हाक. ती ऐकली की रांजण उघडायचा. त्यातले धान्य जात्यावर दळायचे, त्याचे रोट भाजायचे, आणि देवाला घेऊन गावाबाहेर उभ्या केलेल्या 'हुवाशी' नावाच्या पवित्र शिळेकडे जायचे. तेथे देवाला न्हाऊ घालून तेल लावायचे, मेंढी वा बैल कापायचा, रोट मोडायचा, प्याले भरायचे. लोक खातात, पितात, देवाला रिझवतात. कुस्त्या होतात, दगडफेकीच्या शर्यती लागतात. गुर्शमश्शा नावाच्या गावात तरुणांचे दोन गट पाडून लुटुपुटीची लढाई करीत : एका गटाला हात्तीची माणसे म्हणत आणि त्यांच्या हाती काशाची शस्त्रे देत, दुसऱ्याला माशाची माणसे म्हणत, त्यांच्या हाती बोरूची. कोण जिंकणार हे शस्त्रे वाटतानाच ठरलेले असे. संध्याकाळी देव घरी परतत.

या विधीत राजा कोठेही नाही. त्याला लागते ते एक शेत, एक मडके, एक हिवाळा आणि एक गडगडाट. माझ्या मते हित्ती सणांच्या हजारो पाट्यांतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे, आणि वारशाचा प्रश्न विचारावयाचा तर तो अंतहशुमच्या ३८ दिवसांना विचारण्यात अर्थ नाही. या रांजणाला विचारला पाहिजे. नवान्न, घट, धान्याची पूजा या गोष्टी ज्यांच्या परिचयाच्या आहेत अशा मराठी वाचकाला येथे ओळखीची खूण पटेल. ती पटू द्यावी. पण तिला नाते समजू नये. असे का, ते पुढे पाहू.

५

राज्य बुडाले तेही धान्याच्याच प्रश्नावर, निदान अंशतः. तेराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याने हात्ती देश जगावा म्हणून धान्य पाठविल्याचे आपल्या शिलालेखात नोंदवले आहे; उगारितच्या पत्रव्यवहारात हित्तींसाठी धान्याची गलबते निघाल्याचे उल्लेख आहेत. २०२३ साली 'नेचर' या नियतकालिकात गॉर्डियन येथील प्राचीन जुनिपर लाकडाच्या वाढ-कड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी ११९८ ते ११९६ अशी सलग तीन वर्षे तीव्र अवर्षण होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्या राजधानीत भुयारी कोठारांतून हजारो टन धान्य साठवण्याची कला अवगत होती, ती राजधानी ११८० च्या सुमारास रिकामी झाली. राजाबरोबर कारकून गेले, कारकुनांबरोबर कीलाकार लेखन गेले, आणि राजाचा सण कोणी करीनासा झाला.

दक्षिणेकडे मात्र हित्ती परंपरेची छोटी राज्ये आणखी काही शतके टिकली. कोन्या प्रांतात एरेलीजवळ इव्रीझ येथे, झऱ्याकाठच्या कड्यावर इसवी सनापूर्वी आठव्या शतकातले एक शिल्प आहे. वर्पलवस नावाचा राजा हात जोडल्यासारखे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर, त्याच्याहून कितीतरी मोठा, वादळदेव तरहुंझा उभा आहे. देवाच्या एका हातात गव्हाची कणसे आणि दुसऱ्या हाताशी द्राक्षांचे घोस आहेत. गडगडणारा देव येथे पूर्णपणे अन्नाचा देव झाला आहे. हित्ती सणांचा निर्विवाद वारसा म्हणून एकच चित्र दाखवायचे झाले, तर ते हे.

त्यानंतर फ्रिजियन, इराणी, ग्रीक, रोमन आले. ख्रिस्ती धर्म आला. अकराव्या शतकापासून तुर्क आणि इस्लाम स्थिरावले. पठार तेच राहिले. माणसे, भाषा आणि देव बदलत गेले.

६

विसाव्या शतकात हित्तींना पुन्हा मागणी आली. १९३० च्या दशकातील तुर्की इतिहासविचाराने अनातोलियाच्या प्राचीन लोकांना तुर्कांचे पूर्वज ठरविले. १९३३ साली स्थापन झालेल्या सरकारी बँकेस 'सुमेरबँक' आणि १९३५ साली स्थापन झालेल्या दुसरीस 'एतिबँक' (एती म्हणजे हित्ती) अशी नावे दिली गेली. सीरियाच्या सीमेवरील अलेक्झांद्रेत्ता प्रांताला 'हताय' हे हात्तीवरून घडविलेले नाव मिळाले. अलाजाहोयुक येथे निघालेली सूर्यचकती अंकारा शहराचे चिन्ह बनली, आणि १९९५ मध्ये तिच्या जागी मशिदीचे चित्र आले. 'हित्ती सूर्य' म्हणून प्रसिद्ध झालेली ती चकती वस्तुतः हित्ती राज्याच्याही आधीची होती, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी फारशी मनावर घेतली नाही.

आज हा दावा राजकारणापेक्षा बाजारात अधिक ऐकू येतो. कास्तामोनू भागात पिकणारा 'सियेझ' हा प्राचीन जातीचा गहू हित्तींचा गहू म्हणून विकला जातो, आणि पुरावा म्हणून हित्ती पाट्यांतील 'झिझ' हा शब्द पुढे केला जातो. ध्वनिसाम्य मोहक आहे. परंतु 'झिझ' हे 'निंदा'प्रमाणेच सुमेरी शब्दचिन्ह आहे. हित्ती लेखक ते लिहीत, पण वाचताना आपल्या भाषेतला शब्द उच्चारीत. शिवाय मेसोपोटेमियात या चिन्हाने दाखवला जाणारा गहू हा आपण ज्याला खपली म्हणतो त्या जातीचा. सियेझ हा एकदाणी गहू, म्हणजे वेगळी जात. एकाच व्युत्पत्तीत भाषाही चुकली आणि धान्यही. गहू मात्र खरोखर प्राचीन आहे. त्याला खोट्या वंशावळीची गरज नाही.

मग वारसा ओळखायचा कसा? वाङ्मयाच्या अभ्यासकांना येथे एक चांगली कसोटी उपलब्ध आहे. पुरुल्ली सणात इल्लुयंका या सर्पाची कथा सांगत. तिच्या एका पाठात इनारा देवी भरपूर मद्य आणि अन्न मांडून सर्पाला मेजवानीस बोलावते. खाऊन फुगलेला सर्प बिळात शिरू शकत नाही आणि बांधला जातो. दुसऱ्या पाठात सर्प वादळदेवाचे हृदय आणि डोळे काढून घेतो. देवाचा मुलगा सर्पाच्या मुलीशी लग्न करून ते परत मिळवतो. आता ग्रीक पुराणकथा पाहा. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ग्रंथात टायफॉन हा सर्पदेही राक्षस झ्यूसच्या स्नायू-शिरा काढून घेऊन गुहेत लपवतो, आणि त्या कपटाने परत आणल्या जातात. ती गुहा आहे किलिकियात, म्हणजे अनातोलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर. देवाचा अवयव काढून घेणे आणि तो युक्तीने परत मिळवणे हा तपशील कोणालाही सहज सुचण्याजोगा नाही. आणि कथेचे स्थळही प्रवासाची वाट दाखवते. म्हणून येथे देवाणघेवाण झाली असे मानण्यास आधार आहे. साम्य जितके अनावश्यक, तितका त्याचा पुरावा बळकट.

हीच कसोटी रांजणाला लावली की आपला उत्साह ओसरतो. अथेन्सच्या अँथेस्टेरिया या सणाच्या पहिल्या दिवसाचे नाव 'पिथोइगिया', म्हणजे रांजण उघडणे. तिसऱ्या दिवशी मडक्यात सर्व प्रकारचे दाणे शिजवीत. हित्ती रांजणाशी किती जवळचे! पण तो रांजण द्राक्षमद्याचा होता. आणि शरदात साठवलेले वसंतात उघडणे हे प्रत्येक कृषीवलाला करावेच लागते. जे करावेच लागते ते कोणाकडून शिकावे लागत नाही. नवान्नाची आठवण नाते ठरत नाही ती याच कारणाने. जेम्स फ्रेझरपासून थिओडोर गॅस्टरच्या १९५० मधील 'थेस्पिस'पर्यंत, ऋतुचक्राच्या विधींतून नाटक आणि पुराणकथा उगम पावल्याचे सांगणाऱ्या अभ्यासकांनी हा फरक पुष्कळदा पुसून टाकला. त्यांचे लेखन आजही वाचनीय आहे. पण त्यांच्या जगात सर्व रांजण एकच असतात.

७

तथापि, अनातोलियात शिजलेल्या गव्हाचे एक मोठे कुटुंब आहे, आणि ते खरे आहे. लग्नकार्यात रात्रभर कुटून-घोटून केले जाणारे गहू-मांसाचे 'केश्केक' २०११ साली तुर्कस्तानच्या नावे युनेस्कोच्या यादीत नोंदले गेले. मोहरमच्या दहाव्या दिवसाशी जोडलेली, गहू, कडधान्ये आणि सुकामेवा यांची 'आशुरे' घरोघर वाटली जाते. आर्मेनियन घरांत नाताळ-नववर्षाला तिची बहीण 'अनुशाबूर' असते. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळी मृतांच्या स्मरणार्थ उकडलेल्या गव्हाचे 'कोलिवा' करतात. बाळाला पहिला दात आला की तुर्की घरात 'दिश हेदिई' आणि आर्मेनियन घरात 'आग्रा हादिग' म्हणून गहू उकडून वाटतात. 'हेदिक' हा तुर्की शब्दच 'दाणा' या अर्थाच्या आर्मेनियन शब्दावरून आलेला आहे. 'आशुरे' अरबी, 'केश्केक' फारसी वळणाचा. मोहरमच्या दिवसांत मुंबईकडे शिजणारा खिचडा आणि हैदराबादचा हलीम हेही याच भांड्यातून निघालेले. त्यांचा पूर्वज अरबी 'हरीसा' दख्खनपर्यंत आला, हे नाते मात्र खरे आणि वाटेसकट दाखवता येण्याजोगे आहे.

या कुटुंबात एकही हित्ती शब्द नाही. त्यात आहेत आर्मेनियन, ग्रीक, अरबी, फारसी, तुर्की. म्हणजे हित्तींपासून आजपर्यंतच्या तीन हजार वर्षांत हे भांडे ज्या ज्या हातांतून गेले, त्यांचीच नावे त्यावर उमटली आहेत. 'हे हित्तींपासून चालत आले' असे म्हणताना आपण नेमके त्या हातांवरून उडी मारतो. हा निव्वळ अकादमिक तपशील नाही. ज्या १९१५ साली ह्रोझ्नीने हित्तींची भाकरी वाचली, त्याच साली अनातोलियातील आर्मेनियन लोकांचे निर्वासन आणि संहार सुरू झाला होता. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीने दहा लाखांहून अधिक ग्रीक ऑर्थोडॉक्स अनातोलियाबाहेर गेल्यावर शिक्कामोर्तब केले. दूरचा, निःशब्द, कोणाचाही दावा न सांगणारा पूर्वज जवळच्या शेजाऱ्यापेक्षा सोयीचा असतो. तो परत येऊन आपले घर मागत नाही.

मुसा दाग या डोंगरावरची गोष्ट पाहण्यासारखी आहे. १९१५ मध्ये तेथल्या आर्मेनियन गावकऱ्यांनी निर्वासनाचा हुकूम झुगारून डोंगरावर आश्रय घेतला आणि सप्टेंबरमध्ये फ्रेंच जहाजांनी त्यांना पोर्ट सैदला नेले. फ्रान्झ वेर्फेलच्या १९३३ मधील कादंबरीमुळे ही घटना जगाला ठाऊक झाली. महायुद्धानंतर ते परतले. १९३९ साली हा प्रदेश तुर्कस्तानात विलीन झाला तेव्हा बहुतेकांनी लेबनॉनमधील अंजार गाठले. वाकिफ्ली हे एक गाव तेवढे मागे राहिले. दरवर्षी ऑगस्टमध्ये, मरियमच्या सणाच्या आदल्या रात्री, तेथे मोठ्या कढयांत हरीसा शिजत ठेवतात. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद दिला जातो आणि गहू-मांस सर्वांना वाटले जाते. वाकिफ्ली ज्या प्रांतात आहे त्याचे नाव हताय, म्हणजे हित्तींच्या नावे नामकरण झालेला तोच प्रांत.

गहू आणि द्राक्षे. इव्रीझच्या वादळदेवाच्या हातातही हेच होते. येथे लेखणीला मोह होतो. परंतु द्राक्षांचा आशीर्वाद हा आर्मेनियन चर्चचा सर्वत्र चालणारा विधी आहे, आणि वाकिफ्लीच्या कढईतल्या गव्हाला अर्थ आहे तो ते शिजवणाऱ्यांच्या स्वतःच्या आठवणीमुळे. हित्तींच्या आठवणीची त्याला उसनवारी नको. त्याला 'हित्ती' म्हणून गौरविणे म्हणजे त्या लोकांच्या हातातला डाव काढून घेऊन तो एका संग्रहालयातल्या मूर्तीच्या हाती देणे.

हित्ती सणांचा वारसा मग कशात शोधावा? पदार्थात शोधू नये, असे मला वाटते. तो पाट्यांतच आहे, एका वृत्तीच्या रूपाने. हात्तींचे गाणे हात्तीतच, लुवींचे लुवीतच, कालाश्माचे कालाश्माच्याच बोलीत म्हणावयाचे. ज्या नगराने जिन्नस आणला त्या नगराचे नाव राजापुढे मोठ्याने पुकारावयाचे. मेंढी कोणी दिली, पीठ किती मुठी दिले, हे नावानिशी लिहून ठेवावयाचे. देवाच्या ताटात काय आहे याइतकेच ते कोणी आणले हेही महत्त्वाचे, असे त्या रुक्ष कारकुनांना वाटत होते. रांजण तर सर्वांचाच असतो. त्यात धान्य कोणी ओतले हे विसरले गेले, की तेलिपिनूच्या कथेतल्या देवांसारखी गत होते : ताट भरलेले असते, जेवणारे जेवतही असतात, आणि तृप्ती मात्र होत नाही.